मापाचं डिझेल

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, ड्रायव्हर लोक हळूबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पाठीमागं म्हणतात. तिला ते माहीत आहे नि तिला त्याचा राग नाही. राग तिला एकाच माणसाचा आहे. तो राग इतका जुना आहे की आता अंगाचाच झालाय, सकाळी उठल्यावर चष्मा लावावा तसा ती तो लावते. तो तिनं कसा सांभाळला नि कसा वापरला, तेच मला सांगायचंय. मी बोलते तसं लिही बाळा, मधेच शहाण्यासारखं दुरुस्त करत बसू नकोस.

आधी रस्ते समजून घे, नाहीतर पुढचं डोक्यावरनं जाईल. आमचं गाव डोंगराच्या अलीकडं नि मोठं शहर पलीकडं. मधे डोंगरांची रांग. पलीकडं जायला रस्ते दोन. एक जुना, घाटाचा. जवळचा आहे, पण वळणं अशी की वरच्या गाडीचा ड्रायव्हर खालच्या गाडीच्या टपावर थुंकू शकेल. उतार तर असा की नवखा माणूस डोळेच मिटून घेतो. दुसरा मोठा रस्ता. तो डोंगराच्या अंगावर चढायला जातच नाही. वळसा घालून जातो, नि रांग जिथं बुटकी होते तिथं दोन बोगद्यांतनं पलीकडं निघतो. लांब आहे, पण रुंद आहे, नि पोटातलं पाणी हलत नाही.

आता माणसं. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, ट्रक चालवायचे. त्यांचा धाकटा भाऊ ट्रकांचा मालक. दोघं सख्खे भाऊ, एका आईच्या पोटचे, पण एक स्टिअरिंगला बसला नि एक गल्ल्याला. धाकट्याला सगळे शेठ म्हणायचे. दाजीसुद्धा चारचौघांत शेठच म्हणायचे, आणि शेठला त्यात काही खटकायचं नाही. अक्काला मात्र तेव्हापासनंच खटकायचं.

शेठच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली डिझेलचे बॅरल होते नि त्यांना हातपंप लावलेला. ट्रक निघायच्या आधी शेठ समोर उभा राहून डिझेल मोजून घालायला लावायचा. माप घाटाच्या रस्त्याचं, जाऊन येऊन. मोठ्या रस्त्यानं जायचं असेल तर जा, पण वरचं डिझेल मिळणार नाही. आणि घाटाचं मापसुद्धा असं तंगीचं, की चढ चढण्यातच बरंचसं संपायचं नि उरलेल्यात घरी पोचायचं नाही. मग ड्रायव्हर काय करायचे? उतार लागला की गिअर काढायचे नि गाडी न्यूट्रलमधे सोडून द्यायचे. इंजिन काही खात नाही, गाडी आपल्या वजनानं घरंगळते. अक्कानं मला समजावलंय त्यातलं. गिअरमधे असली की इंजिन गाडीला मागनं धरून ठेवतं, जसं आपण पोराला कॉलर धरून चालवतो. गिअर काढला की धरणारं कुणी उरत नाही. मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक किती वेळ सोसणार? तापतात, वास सुटतो, नि मग पाय लोण्यात बुडावा तसा पेडल खाली जातो. शेठ हे तोंडानं कधी बोलला नाही. तो फक्त मोजून घालायचा. बाकीचं ड्रायव्हरांनी समजून घ्यायचं.

त्या दिवशी दाजींच्या ट्रकमधे फरशा होत्या. खच्चून भरलेल्या. दाजी शेठला म्हणाले, माल जड आहे, मागच्या खेपेलाच ब्रेकचा वास येत होता, मी मोठ्या रस्त्यानं जातो, वरचं डिझेल दे. शेठ म्हणाला, जा की, कुणी अडवलंय, पण डिझेल मापाचंच. दाजी तोंड पाडून निघून गेले. मोठ्या रस्त्यावर मधेच डिझेल संपून उभं राहायचं नि शेठच्या शिव्या खायच्या, त्यापेक्षा घाट बरा असं त्यांना वाटलं असणार.

उतारावर ब्रेक गेले. दाजींनी डोकं शाबूत ठेवून गाडी दरीकडं न जाऊ देता डोंगराच्या अंगावर घातली. जीव वाचला, कंबर गेली. कंबरेखाली सगळं मेलं. शेठ पोचला तेव्हा दाजी अजून केबिनमधेच अडकलेले, नि तो मागं जाऊन फरशा किती फुटल्या ते बघत होता. हे मला दाजींनीच सांगितलं. चिडून नाही सांगितलं बरं का. दाजी चिडायचेच नाहीत. सगळी चीड अक्काच्या वाट्याला आली.

त्यांना मागच्या खोलीत ठेवलं. शेठच्याच आवाराला लागून घर त्यांचं, खोलीची खिडकी आवाराकडं. पलंगावर पडून दाजींना हातपंपाचा आवाज ऐकू यायचा. कुठला ट्रक आला, कुठला गेला, कुणाचं स्प्रिंगचं पाटं बदलायला झालंय, सगळं पडल्या पडल्या सांगायचे. अक्का त्यांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, नि खिडकीतनं शेठकडं बघायची. ती त्याच्याकडं ज्या नजरेनं बघायची, ती बघून मीच तिथनं उठून जायचे.

पण एवढ्यावर भागलं असतं तर ती कदाचित गप्प बसली असती. शेठनं पुढं काय केलं ऐक. त्याला माल पाठवणाऱ्यांना तोंड दाखवायचं होतं, विमावाल्यांना उत्तर द्यायचं होतं. त्यानं सगळ्यांना सांगितलं की माझा भाऊ डिझेल चोरायचा. न्यूट्रलमधे गाडी सोडायचा नि वाचलेलं बाहेर विकायचा, त्या हावेपायी कंबर मोडून घेतली. एकदा सांगितलं, लोकांनी मान हलवली. मग त्याला त्याची चटकच लागली. ट्रकवाल्यांच्या संघटनेची बैठक असो, नवीन ड्रायव्हरला कामावर घेणं असो, ही गोष्ट ठरलेली. माझा सख्खा भाऊ, म्हणायचा, नि डोळ्याला रुमाल लावायचा. हळूहळू त्याला लोक सुरक्षेवर बोलायला बोलवायला लागले. माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या मोडलेल्या कंबरेवर उभा राहून तो मोठा माणूस झाला.

अक्काचा पोरगा तेव्हा शाळेत होता. एक दिवस दप्तर टाकून सरळ पलंगाशी गेला नि बापाला विचारलं, बाबा, तुम्ही डिझेल चोरायचा का? मी तिथं बटाटे सोलत बसले होते. दाजींनी तोंड भिंतीकडं केलं. आपली आपण कूस बदलता येत नव्हती, मान तेवढी वळवता यायची त्यांना. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. अक्कानं पोराला धरून बाहेर नेलं नि सगळं खरं खरं सांगितलं. पण पोरानं बापाला भिंतीकडं वळताना बघितलं होतं, नि त्याच्या मनात तेच राहिलं. त्यात शेठनं त्याला मायेनं जवळ केलं, सायकल दिली, पुढं आवारातच कामाला लावलं. आई काहीही म्हणाली तरी पोराला वाटायचं, आई आहे, ती बाबांची बाजू घेणारच.

त्याच दिवशी अक्का मला म्हणाली, याचा मी हिशेब चुकता करणार. मी म्हटलं, कसा? म्हणाली, ते अजून माहीत नाही. घाई नाही मला.

गाडी चालवायला ती त्या खोलीतच शिकली. खरं सांगते. पलंगाशेजारी ठेंगण्या स्टुलावर बसायची, पायाखाली डब्यांची तीन झाकणं, क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर. हातात परात धरायची स्टिअरिंग म्हणून, नि बाजूला उलटा खोवलेला मोठा डाव हा गिअर. दाजी पडल्या पडल्या तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचे. घुर्र घुर्र करायचे, मग आवाज चढवायचे, नि ओरडायचे, आता रडतंय बघ ते, गिअर बदल की. एकदा मी दारात उभी राहून इतकी हसले की दाजी म्हणाले, मेहुणीबाई गाडीखाली आल्या, ब्रेक मार. त्या खोलीत हसणं ऐकू आलं ते तेवढंच. उताराचा धडा मात्र ते हसत शिकवायचे नाहीत. उतारावर गिअर काढायचा नाही, एवढंच पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचे.

दाजी गेल्यावर अक्कानं जुनी व्हॅन घेतली नि पलीकडच्या शहराला माणसं न्यायला लागली. फक्त मोठ्या रस्त्यानं. घाटात गाडी घालणार नाही म्हणजे नाही. सुरवातीला लोक हसले, एवढ्या वेळात आम्ही जाऊन परत येऊ म्हणाले. मग ज्यांना हिसके चालत नाहीत ते एकेक करून यायला लागले. ऑपरेशन झालेले, पोटुशा बायका, गाडी लागणारी पोरं, काचसामान नेणारा एक दुकानदार, तो तर पेट्या मांडीवर घेऊन घोरायचा. हळूबाईची गाडी म्हणजे पाळणा, असं झालं. गंमत म्हणजे शेठसुद्धा घाटानं जात नसे. स्वतःच्या गाडीनं जायचा तरी मोठ्या रस्त्यानंच. त्याच्या ड्रायव्हरांना हे माहीत होतं, नि चहा पिताना ते यावर जे बोलायचे ते तुला लिहायला लावणार नाही मी.

आणि मग तो सत्कार आला. पलीकडच्या शहरात ट्रकवाल्यांच्या संघटनेनं शेठचा सत्कार ठरवला, सुरक्षित वाहतुकीसाठी झटल्याबद्दल. हे ऐकून अक्का हातातला कप खाली ठेवायचंच विसरली. तो सत्काराला भाषण करणार, नि भाषणात दाजी येणार, हे सांगायला नको. सगळ्या ड्रायव्हरांसमोर, नि या वेळेला पोरासमोरही, कारण पोरगा बरोबर जाणार होता. त्यात शेठच्या गाडीचा क्लच गेला. शेठची बायको, अक्काची धाकटी जाऊ, गरीब बाई, तीच विचारायला आली की जाऊबाई, तुमच्या गाडीतनं न्याल का आम्हाला, यांना दुसरी गाडी नको वाटते. मला वाटलं अक्का दार लावून घेईल. ती म्हणाली, नेते की. परतीचं मात्र आत्ता सांगत नाही. जाऊ म्हणाली, बरं. कुणाच्या ध्यानात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का टकल्याला जाऊन भेटली. टकल्या म्हणजे शेठचा जुना ड्रायव्हर, दाजींचा जोडीदार. त्याचा ट्रक त्या दिवशी तिकडं असणार होता नि तिकडनं सिमेंट भरून घाटानं परत येणार होता. अक्कानं त्याला एवढंच विचारलं, तुझ्या शेजारची सीट रिकामी असते ना? तो तिच्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, वहिनी, पुसून ठेवतो.

मीही गेले बरोबर, मला तुझ्या मामाला उभ्या उभ्या भेटून यायचं होतं. शेठ पुढं बसला, मागं मी, जाऊ नि पोरगा. गावाबाहेर रस्ते फुटतात तिथं अक्कानं गाडी बाजूला घेतली नि इंजिन चालू ठेवून विचारलं, कुठल्या रस्त्यानं न्यायचं? शेठला हसू आलं. म्हणाला, वहिनी, विचारायचं काय त्यात, मोठ्या रस्त्यानं. अक्का म्हणाली, घाट जवळचा पडेल, वेळेत पोचाल. शेठ म्हणाला, नको, माझं वय आहे का आता घाटाचं. अक्कानं आरशात पोराकडं बघितलं नि विचारलं, आणि तुमचे ट्रक? तो म्हणाला, त्यांचं वेगळं असतं, धंद्याचं गणित तुम्हाला नाही कळायचं. मग अक्कानं मुकाट्यानं गाडी मोठ्या रस्त्याला लावली. एवढा सोपा रस्ता, मऊ, दोन्ही बाजूंना पिवळी फुलं. जाऊ मात्र खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग करत होती.

पहिल्या बोगद्याच्या अलीकडं जेवायला थांबलो. शेठ हात धुवायला गेला तशी अक्का त्याच्या मागनं गेली. मी नळाशीच होते, सगळं ऐकलं. ती म्हणाली,

“भावजी, आज स्टेजवर यांचं नाव काढू नका. काढलंत तर खरं काय ते सांगा.”

शेठनं हात पुसले, बोटं एकेक करून पुसली. म्हणाला, “वहिनी, त्या गोष्टीतनं चार पोरं शहाणी होतात. गेलेल्या माणसाचं काय बिघडतं त्यात?”

अक्का म्हणाली, “बरं.” नि येऊन जेवायला बसली. पोटभर जेवली. तिचं ‘बरं’ मी लहानपणापासनं ओळखते. ती भांडायला लागली की काही होत नाही, नि ती बरं म्हणाली की समोरच्याचं काही खरं नाही.

सत्काराचा हॉल म्हणजे एक मोठं गोदामच होतं, झाडून पुसून खुर्च्या लावलेल्या. पुढं मालक लोक, त्यांना गादीच्या खुर्च्या. मागं ड्रायव्हर, त्यांना प्लास्टिकच्या. शेठला एक चकचकीत ढाल दिली. मग तो बोलायला उभा राहिला. टायरचं बोलला, झोपेचं बोलला, आरसे पुसण्याचं बोलला. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात थांबला, पाणी प्याला, नि रुमाल काढला. माझा सख्खा भाऊ, म्हणाला. हाव माणसाला काय करते बघा, म्हणाला. त्यानं अख्खी गोष्ट सांगितली, चोरी, न्यूट्रल, कंबर, सगळं. नवीन एक जोडलं होतं त्यात, की मरताना भावानं माझा हात धरून माफी मागितली. दाजी गेले तेव्हा हा पठ्ठ्या आवारात टायर उतरवून घेत होता.

पुढच्या ओळी टाळ्या वाजवत होत्या. मागच्या ओळींत टाळ्या अशा वाजत होत्या, जशा कुणी हाताची धूळ झटकावी. पोरगा मान खाली घालून बसलेला. अक्का भिंतीशी उभी होती. रडली नाही, ओठ चावले नाहीत, काही नाही. बाहेर गेली नि व्हॅनच्या काचा पुसायला लागली.

कार्यक्रम सुटला तसे सगळे बाहेर पटांगणात आले. चहा चालू, शेठभोवती गर्दी, ढाल हातात, जो तो हात मिळवतोय. अक्का गाडीत बसली, इंजिन चालू केलं, नि काच खाली करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“भावजी, माझ्या गाडीत जागा नाही. तुमचे ट्रक आहेत की. टकल्या आत्ताच निघतोय घाटानं.”

जागा होती. सगळ्यांना दिसत होती. शेठ काही बोलणार, तोच टकल्या पुढं आला, टोपी काढून. म्हणाला, शेठ, सीट पुसून ठेवलीय. आता बघ, बाजूला अख्खी संघटना उभी. सुरक्षेचा सत्कार झालेला माणूस स्वतःच्याच ट्रकमधे बसायला घाबरतो असं कसं दाखवणार? एक मालक तर हौसेनं म्हणालाही, वा, याला म्हणतात जमिनीवरचा माणूस. ड्रायव्हर लोक गोळा झाले होते. हसत नव्हते, नुसते बघत होते. शेठ ढाल घेऊन केबिनच्या पायरीवर चढला. दोन वेळा पाय निसटला.

शेठच्या बायकोला कुणी काही विचारलं नाही. ती आपण होऊन आमच्या गाडीत येऊन बसली. नवऱ्याकडं बघितलं नाही. मग पुढच्या सगळ्या रस्त्यात, बोगदे गेले, वळसा गेला, तिनं पोराला हळूहळू सगळं सांगितलं. त्या दिवशी मी ऑफिसच्या आतल्या खोलीत चहा करत होते, म्हणाली. तुझ्या बाबांनी मोठा रस्ता मागितला होता. ह्यांनी नाही दिला. मी ऐकलं नि इतकी वर्षं मूग गिळून बसले. पोरगा म्हणाला, काकू, पण माप तर मीच घालतो, घाटाला तेवढं पुरतं असं काका म्हणतात. अक्का पुढं गाडी चालवत होती, गिअरवर हात ठेवून. म्हणाली फक्त, टकल्या आला की त्याला विचार.

ट्रकमधे काय झालं ते टकल्यानं दुसऱ्या दिवशी अक्काच्या ओट्यावर बसून सांगितलं. पोरगा समोर होता, मी होते. टकल्या बोलतो कमी, पण त्या दिवशी त्याला कंठ फुटला होता. म्हणाला, चढ होता तोवर शेठ ठीक होता, ढाल मांडीवर घेऊन संघटनेच्या गप्पा मारत होता. माथ्यावर पोचलो नि मी रोजच्यासारखा गिअर काढला. गाडी सुटली. इंजिनाचा आवाज बसला नि वाऱ्याचा आवाज उठला. शेठनं माझ्याकडं बघितलं. हे काय करतोस, म्हणाला. मी म्हटलं, न्यूट्रल. तो म्हणाला, गिअर टाक. मी म्हटलं,

“शेठ, टाकतो. पण मग खाली पोचणार नाही आपण. डिझेल मापाचं आहे.”

मग म्हणे शेठ डिझेलच्या काट्याकडं बघायचा, मग रस्त्याकडं, मग काट्याकडं. काटा तळाला लागलेला. गिअर टाकून घाटात मधेच उभं राहायचं, मागनं येणाऱ्या गाड्यांच्या तोंडी, का असंच घरंगळत जायचं, हे ठरवायचं त्यालाच होतं नि त्याला ठरवता येईना. ब्रेकचा वास आला तसा त्यानं एका हातानं खिडकीची दांडी नि दुसऱ्या हातानं टकल्याची मांडी धरली. टकल्या म्हणाला, माझी मांडी अजून दुखतेय. मग जिथं दाजींनी ट्रक डोंगरावर घातला होता ते वळण आलं. तिथल्या दगडाला त्या ट्रकचा निळा रंग अजून लागलेला आहे. टकल्यानं हॉर्न दिला, तो रोजच देतो तिथं. शेठनं विचारलं, हॉर्न कशाला? टकल्या म्हणाला, मालकांच्या भावासाठी. शेठ ढालीवर ओकला.

हे ऐकून मी हसले, खोटं कशाला सांगू. इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. अक्का नाही हसली. तिनं टकल्याच्या कपात आणखी चहा ओतला नि म्हणाली, सावकाश सांग, परत सांग. टकल्यानं परत सांगितलं. ती परत ऐकत होती, डोळे अर्धे मिटून, जसं कुणी थंडीत उन्हाला बसतं. 

मी नंतर तिला एकटी गाठून म्हटलं, अगं, ब्रेक गेले असते तर? टकल्याचं काय झालं असतं? ती म्हणाली, टकल्या रोज तसाच उतरतो. ब्रेक रोज जाऊ शकतात. तेव्हा कुणी मला असं विचारायला आलं नाही. काल शेजारी शेठ बसला होता म्हणून तुला आठवलं.

पोरगा मात्र टकल्याचं ऐकून आवारात गेला. हातपंपाशी टकल्याचाच ट्रक उभा होता. शेठ बाहेर आला, चेहरा उतरलेला, नि हळूच म्हणाला, आजपासनं वाढवून घाल. पोरानं मापाचा डबा त्याच्या पायाशी ठेवला. म्हणाला, काका, आता तुम्हीच घाला. नि तो खिडकीखालनं चालत घरी आला. आत आला नि त्या रिकाम्या पलंगावर बसला, बापाच्या जागी, भिंतीकडं तोंड करून. अक्का दारात उभी राहिली, आत गेली नाही. मला वाटलं आता तरी तिचा राग उतरेल. पोरगा परत मिळाला होता. बाईला आणखी काय हवं असतं?

पण अक्काला हवं होतं. ड्रायव्हरांना डिझेल वाढवून मिळतंय, त्यांना हवा तो रस्ता घेता येतो, हे कुणी कौतुकानं सांगायला आलं की ती म्हणायची, चांगलं झालं, त्यांचं भलं झालं, माझं अजून व्हायचंय.

काही दिवसांनी एका दुपारी शेठ आला. एकटाच. चपला बाहेर काढल्या, नि उंबऱ्याशीच उभा राहिला, आत ये म्हणायची वाट बघत. अक्का ओट्याशी वांगी चिरत होती. मी खाटेवर होते. बारीक झाला होता, शर्टाची कॉलर मानेला सैल पडत होती. म्हणाला, वहिनी, दादानं त्या दिवशी मोठा रस्ता मागितला होता. मी दिला नाही. चोरीचं मी मनानं रचून सांगितलं. माझं चुकलं.

मला भरून आलं. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी, या वेळेला रुमालसुद्धा काढला नव्हता. मी अक्काकडं बघितलं. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

“मला कशाला सांगताय?” ती म्हणाली. “मला तेव्हाच माहीत होतं. ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना जाऊन सांगा. तेवढीच माणसं जमवा, तेवढ्याच खुर्च्या लावा, नि माईकवर सांगा.”

शेठ म्हणाला, ते कसं जमेल वहिनी, लोक काय म्हणतील. अक्का म्हणाली, तेच, जे यांच्याबद्दल म्हणत होते. नि पुढं होऊन तिनं दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं, नीट कडी घातली, नि येऊन राहिलेली वांगी चिरली. तो बराच वेळ बाहेर होता. चपलांचा आवाज येत नव्हता. मी उठायला लागले तर म्हणाली, बस खाली.

अजून त्यानं सांगितलेलं नाही. मधे एकदा संघटनेची बैठक होती, तो जाणार होता म्हणे, मग गेला नाही, अंगात कणकण आहे असं कळवलं. अक्का आता थकलीय, डोळ्याला कमी दिसतं, व्हॅन पोरगा चालवतो. पण बैठकीचा दिवस आला की ती सकाळपासनं केस विंचरून, चांगले कपडे घालून तयार बसते. शेठ निघाला तर ऐकायला पहिल्या रांगेत ही असणार. मी म्हणते, अक्का, किती दिवस असं? ती म्हणते, त्याला घाई नाही, तर मला कुठं आहे.